दसऱ्याची पहिली कमांड

आपण लोकांना किती लागतो याचा प्रत्येक माणसाचा एक अंदाज असतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. कृष्णकांत म्हात्रे यांचा अंदाज मात्र बारा वर्षं अगदी बरोबर होता.

गव्हाण फाट्याच्या अलीकडे, उरण रस्त्याला लागून त्यांचं यार्ड. बंदरात उतरलेले कंटेनर ट्रेलरवरून इथे यायचे, थरांवर थर रचले जायचे आणि मालकाचे कागद आले की सुटायचे. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, हे सगळं एका सर्व्हरच्या पोटात. त्या पोटात हात घालून हवं ते बाहेर काढायची विद्या अख्ख्या यार्डात एकाच माणसाला होती. त्याला सगळे केके म्हणत.

केके गव्हाणचेच. प्रकल्पात जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, ती यांच्या वाट्याला आली. आधी गेटवर दांडा वर-खाली करायचे. मुंबईहून इंजिनियर यायचा, काळ्या पडद्यावर काहीतरी खरडायचा आणि जायचा. केके त्याच्या मागे उभे राहून बघायचे. बघता बघता शिकले, शिकता शिकता स्वतःच प्रोग्राम लिहायला लागले. कंटेनर शोधायची त्यांची एक कमांड होती बासष्ट अक्षरांची. मध्ये तिरप्या रेघा, आडव्या रेघा, टिंबं. ती ते पडद्याकडे न बघता मारत. खरं तर समोरच्याच्या तोंडाकडे बघत मारत, कारण मजा तिथे होती.

त्यांच्या टेबलाशेजारी एक लाकडी स्टूल असे. "केकेदादा, जरा एक नंबर बघून द्या ना," म्हणत माणूस यायचा आणि स्टुलावर टेकायचा. काही जण चहा घेऊन यायचे. वसुलीवाले, सर्वेअर, कस्टमचे एजंट, एकदा तर खुद्द मॅनेजर अवधूत साहेबसुद्धा त्या स्टुलावर बसले होते, आणि ती तारीख केकेंना पाठ होती. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं. कोण अदबीने बसलं, कोण घाईत उठलं, कुणी 'दादा' म्हटलं, कुणी नुसतंच 'केके', हे सगळं ते मनात टिपून ठेवत. संध्याकाळी घरी जाताना ते मनातल्या मनात चाळायचे. दुसरं काही व्यसन नव्हतं.

दोन हजार नऊ सालच्या जानेवारीत मनस्वी ठोसर आली. खांदा कॉलनीतली, एमसीए झालेली, पाठीवर सॅक, कपाळाला टिकली नाही. पहिला महिना ती त्याच स्टुलावर बसून केकेंचं काम बघत राहिली. केके खूश होते. शिष्य मिळाला असं त्यांना वाटलं. दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "दादा, हे एवढं मोठं प्रत्येक वेळी टाइप का करायचं? टोपणनाव देऊ या ना याला, अलायस."

आता टोपणनाव म्हणजे काय ते केकेंना कुणी शिकवायची गरज नव्हती. गव्हाणात मतदार यादीतला काशिराम पांडुरंग घरत कोण, ते पोस्टमनलाही सांगता येत नाही. 'भोंग्याच्या घरी' म्हटलं की पत्र बरोबर पोचतं. मनस्वीने तसंच केलं. बासष्ट अक्षरांच्या कमांडला तिने इंग्रजी अक्षरांत 'शोध' असं नाव ठेवलं. गाडी बाहेर सोडायच्या कमांडला 'सोड'. रांगेतले कंटेनर मोजायचे तर 'मोज'. आता कुणीही 'शोध' लिहावं, पुढे नंबर लिहावा, एंटर दाबावं. झालं.

ही टोपणनावं तिने सर्व्हरवरच्या एका फाइलीत लिहून ठेवली. यार्डातले सगळे एकाच नावाने सर्व्हरवर शिरायचे, त्यामुळे फाइल सगळ्यांना मिळून एकच. तिचं नाव टिंबाने सुरू व्हायचं, म्हणून साध्या यादीत ती दिसायची नाही. मुद्दाम 'सगळं दाखव' म्हटलं तरच दिसायची. ऑगस्टपर्यंत त्या फाइलीत त्रेचाळीस नावं झाली. नवीन नाव घातलं की मनस्वी सगळ्या काउंटरांवर फिरून प्रत्येक मशीनवर दोन-चार अक्षरं बडवून यायची. कशासाठी, ते केकेंनी विचारलं नाही. त्यांच्या मते ती मिरवायला जायची.

आणि स्टूल रिकामं पडलं.

एकदम नाही. आधी गेटवरचा कल्पेश यायचा बंद झाला. मग सर्वेअर. मग एजंट लोक परस्पर कल्पेशकडेच जायला लागले. जूनमध्ये दिवसाला बारा माणसं, जुलैत पाच. ऑगस्टमध्ये एका दिवशी कोणीच आलं नाही, तेव्हा केकेंनी स्वतःच त्या स्टुलावर फाइलींचा गठ्ठा ठेवला, म्हणजे ते रिकामं आहे असं कुणाला वाटू नये.

गेटसमोरून जाताना त्यांना ऐकू यायचं.

"कल्पेश, मॅडमचा शोध मार ना पटकन."

"मारला. सी रांग, तिसरा थर. पळ."

मॅडमचा शोध! बासष्ट अक्षरं कुणी लिहिली, रेघ न् रेघ कुणी घासली, आणि शोध मॅडमचा. केके दिवसभरात किती जणांनी मनस्वीचं नाव घेतलं ते मोजायला लागले. एका सोमवारी एकतीस. त्यांचं स्वतःचं चार, त्यातलं एक कॅन्टीनच्या माणसाने चहाचा ग्लास परत मागण्यासाठी.

घरी त्यांनी बायकोला, चंद्रावतीला सांगितलं. ती विळीवर वाकटी मासळी साफ करत होती.

"म्हंजे काम तुमचाच हाय ना?" ती म्हणाली. "नाव तेवढा तिनं ठेवला."

"नावच तर ठेवला ना!"

"मंग? बारशाला आत्या नाव ठेवते. पोर काय आत्याचा होतो?"

"आत्याला साडी मिळते," केके म्हणाले. "बापाला कोन इचारतो?"

"तुमाला साडी पायजे का?" असं विचारून तिने वाकटीचं डोकं उडवलं आणि विषय तिच्यापुरता संपला.

केकेंचा संपला नव्हता. पण इथपर्यंत सगळं सोसण्यासारखं होतं, कारण एक गोष्ट अजून त्यांचीच होती. दसरा.

यार्डात वर्षातून एकदाच सगळ्या काउंटरांची मशीनं बंद व्हायची, ती दसऱ्याला. एरवी पाळ्या बदलायच्या, माणूस उठायचा, दुसरा त्याच गरम खुर्चीत बसायचा. मशीन चालूच, काळा पडदा उघडाच, आदल्याने जिथे सोडलं तिथून पुढच्याने सुरू करायचं. कोणी बाहेर पडायचं नाही, कोणी नव्याने शिरायचं नाही. फक्त दसऱ्याला सकाळी सगळं बंद. मॉनिटरना झेंडूच्या माळा, एंटरच्या बटणाला हळदकुंकू, आरती, नारळ. मग गेटच्या काउंटरवर एक मशीन चालू करायचं आणि पहिल्या ट्रेलरची पहिली कमांड मारायची. ड्रायव्हर, माथाडी, कारकून, साहेब, सगळे भोवती उभे. बारा वर्षं ती कमांड केकेंनी मारली होती. त्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे.

दसरा सोमवारी होता. आधीच्या गुरुवारी सकाळी अवधूत साहेब टेबलाशी आले. स्टुलावर गठ्ठा होता म्हणून उभेच राहिले.

"केके, यंदा पहिली कमांड मनस्वीला मारू दे. हेड ऑफिसची माणसं येणारेत. नवीन पद्धत त्यांनाही दिसेल."

"हो ना," केके म्हणाले. "द्या की. तरुण रक्त."

तरुण रक्त! हे शब्द त्यांच्या तोंडून कसे बाहेर पडले ते त्यांनाच कळलं नाही. साहेब गेल्यावर त्यांना घाम आला.

दुपारी दीडला ऑफिस कॅन्टीनला गेलं. केके जात नसत, ते घरचा डबा टेबलावरच खात. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. टिंबाची फाइल उघडली. मनस्वीच्या ओळी खाली रांगेने उभ्या होत्या. त्यांनी एकही वाचली नाही. शत्रूचं पत्र कोण वाचतं? पहिल्या ओळीवर गेले, त्रेचाळीस ओळी एका झटक्यात उडवल्या, फाइल सेव्ह केली आणि बंद केली. मग डबा उघडला. बोंबलाचं कालवण होतं. चांगलं लागलं.

दोन वाजता माणसं परतली. केके कान देऊन बसले. आता ओरड होणार. आता कल्पेश धावत येणार. 'दादा, मॅडमचं बंद पडलं, तुम्हीच बघा.'

"शोध मार रे," बाहेरून आवाज आला.

"मारला. डी रांग, वरचाच. जा."

केकेंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते उठून गेटपर्यंत गेले. कल्पेशच्या पडद्यावर त्यांच्या डोळ्यांदेखत 'शोध' लिहिलं गेलं आणि कंटेनर हजर झाला. ते परत आले, फाइल उघडली. ओळी नव्हत्या. एकही नव्हती. पुन्हा गेटवर गेले. शोध चालू. सोड चालू. मोज चालू.

फाइलीत नाही आणि मशीनवर आहे! असं कसं?

याचं उत्तर देऊ शकेल असं यार्डात एकच माणूस होतं, आणि तिला विचारायचं म्हणजे काय विचारायचं? 'मी तुझ्या ओळी उडवल्या, त्या उडत का नाहीत?'

तेव्हा केकेंनी स्वतःच उत्तर काढलं. जळणारा माणूस काढतो तेच. तिला सगळं कळलंय. तिने दुसरीकडे कुठेतरी लपवून ठेवलंय. आणि आता ती माझी मजा बघतेय. शुक्रवारी मनस्वीने त्यांच्यापुढे चिवड्याचा डबा धरला, "घ्या ना दादा, आईने केलाय." केकेंनी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. कुठे काही दिसत नव्हतं. म्हणजे पोहोचलेली आहे, असं त्यांनी ठरवलं. चिवडा दोन मुठी खाल्ला आणि प्रत्येक शेंगदाण्याला त्यांना टोमणा लागला.

शनिवारी झेंडूचं पोतं गेटवर उतरवत असताना कल्पेशने मनस्वीला विचारलं, "मॅडम, सोमवारी मशीनं बंद करायची. मग तुमची नावं पुसली नाय ना जाणार?"

केके पाच पावलांवर कागद चाळत उभे होते. चाळणं थांबलं.

"कशी जातील? फाइल आहे ना," मनस्वी म्हणाली. "काळा पडदा उघडला की तो पहिली ती फाइल वाचतो, नावं पाठ करतो आणि मग कामाला बसतो. एकदा पाठ केली की परत फाइलीकडे बघत नाही. म्हणून तर नवीन नाव घातलं की मला दारोदार फिरून प्रत्येकाला पुन्हा वाचायला लावावं लागतं. आत्ता तुझा पडदा ऑगस्टपासून चालू आहे, ट्रान्सफॉर्मर उडाला होता ना, तेव्हापासून. आज मी फाइल जाळली तरी त्याला सगळं पाठ आहे. सोमवारी नवीन उघडशील तो नवीन वाचेल."

"आनि फाइलीत काय नसलं तर?"

"तर कोरा. त्याला बिचाऱ्याला 'शोध' म्हणजे काय, काहीच कळायचं नाही." ती हसली. "पण असेल रे! मी कशाला काढतेय?"

केकेंच्या हातातले कागद खाली पडले. ते उचलायला वाकले आणि जरा वेळ वाकलेलेच राहिले.

तिला काहीच माहीत नव्हतं. दोन दिवस चाललेला चिवडा-शेंगदाण्यांचा सगळा कारभार त्यांच्या एकट्याच्या डोक्यातला होता. आणि दुसरी गोष्ट. नावं अजून जिवंत होती, पण फक्त चालू मशीनांच्या डोक्यात. सोमवारी मशीनं बंद होणार. नव्याने उघडणार. आणि त्या नव्या, कोऱ्या पडद्यासमोर माळा घातलेल्या मशीनवर, साहेबांसमोर, हेड ऑफिससमोर, ड्रायव्हरांसमोर उभी असणार मनस्वी.

केकेंनी हे ठरवून केलं असतं तर इतकं नेमकं जमलं नसतं.

सांगायला पाहिजे होतं. दोन दिवस होते. नुसतं एवढं म्हणायचं, 'मनस्वी, ती फाइल एकदा बघून घे.' रविवारी सकाळी त्यांनी फोन हातात घेतलासुद्धा.

"कोनाला लावताव?" चंद्रावतीने विचारलं.

"कोनाला नाय."

"मंग धरलाय कशाला? गरम हाय का?"

त्यांनी फोन ठेवला. दुपारी पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. सांगायचं म्हणजे कबूल करायचं आलं. न सांगायचं म्हणजे... न सांगायचं म्हणजे फक्त उभं राहायचं होतं. आणि उभं राहणाऱ्याला कोण काय म्हणणार? संध्याकाळी त्यांनी पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली.

सोमवारी सकाळी साडेनऊला सगळी मशीनं बंद झाली. सर्व्हर तेवढा चालू, आणि केकेंचं स्वतःचं मशीन. बंदराकडून येणाऱ्या याद्या त्यावर उतरायच्या, म्हणून ते दसऱ्यालाही बंद करत नसत. त्याला चालू असतानाच फूल वाहायचे.

आरती झाली. नारळ फुटला. फाटकाशी पहिला ट्रेलर, बॉनेटला माळ, काचेवर आंब्याचा टहाळा. हेड ऑफिसचे दोघं कपाळाला कुंकू लावून उभे. मनस्वी मोरपंखी साडीत आली, मशीन चालू केलं, यार्डाच्या नावाने सर्व्हरवर शिरली. कुंकवाचं बोट लागू नये म्हणून जपून जपून 'शोध' लिहिलं, नंबर लिहिला, एंटर दाबलं.

पडद्यावर उमटलं, 'कमांड नॉट फाउंड'.

तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

"मॅडम, बटणात कुंकू गेलं का?" कल्पेश हळूच म्हणाला. कोणीतरी हसलं. मनस्वीने 'मोज' लिहिलं. तेही नाही. तिच्या मानेवरून घामाची धार उतरली. हेड ऑफिसच्या एकाने घड्याळ बघितलं.

अवधूत साहेबांनी मान वळवली. "केके?"

बारा वर्षांत या दोन अक्षरांनी इतका आनंद कधी दिला नव्हता. केके पुढे झाले. मनस्वी बाजूला सरकली. ते बसले नाहीत; उभ्यानेच, पडद्याकडे न बघता, हेड ऑफिसच्या तोंडाकडे बघत त्यांनी बासष्ट अक्षरं मारली. एकही चूक नाही. कंटेनर आला. टाळ्या पडल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. "एक नंबर, दादा!" माथाड्यांमधून आवाज आला.

गोष्ट इथे संपावी असं केकेंना मनापासून वाटलं असणार.

पण मागे दुसरा ट्रेलर होता. त्याच्या मागे तिसरा. दसऱ्याच्या शुभ दिवशी माल सोडवून न्यायचा म्हणून अर्ध्या पनवेलच्या गाड्या आल्या होत्या. सहाही काउंटरांवर नावं बंद, आणि मोठी कमांड येणारा माणूस एक. केके आपल्या टेबलाशी गेले, स्टुलावरचा गठ्ठा उचलला, आणि पुढचे दोन तास माणसांचा पूर लोटला.

हवं होतं तेच. पण ती माणसं आता ती नव्हती. स्टुलावर कोणी बसेना. सगळे उभे, खांद्यावरून वाकून, कागद नाकासमोर नाचवत. चहा कोणीच आणला नाही.

"दादा, लवकर हो, रांग फाट्यापर्यंत गेलीय."

"अहो, माझा आधी होता."

"एवढं लांबलचक काय लिहिता? मॅडमचं कधी चालू होणार?"

"मॅडमला सांगा ना कोणीतरी."

"मॅडमचा शोध असता तर आत्तापर्यंत सुटलो असतो."

केके मारत होते आणि मोजतही होते. सवय. साडेअकरापर्यंत 'मॅडम' सव्वीस वेळा झालं. ज्याच्यासाठी बोटं मोडून घेत होते तो माणूस त्यांच्या तोंडावर तिचं नाव घेत होता. सत्ताविसाव्याला त्यांच्याकडून एक रेघ चुकली. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी पुन्हा मारली आणि पुन्हा चुकली.

तेवढ्यात मनस्वी आली. गर्दीला म्हणाली, "पाच मिनिटं द्या," आणि कोणी बसत नव्हतं त्या स्टुलावर बसली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "दादा, फाइल गुरुवारी दुपारी एक पस्तीसला बदललीय. तारीख-वेळ राहते तिच्यावर."

"असेल," केके म्हणाले.

"एक पस्तीसला सगळे कॅन्टीनमध्ये असतात."

"असतात."

"बॅकअपमध्ये पाहिलं. त्यात फक्त कंटेनरच्या याद्या आहेत, ही फाइल नाही."

"बॅकअप मीच लावलाय. ती फाइल नाय त्यात."

मागे ड्रायव्हर चुळबुळत होते. मग मनस्वीने त्यांच्या मशीनवरच्या झेंडूकडे बघितलं. "हे आज बंद केलं होतंत?"

"हे कधी बंद होत नाय."

"म्हणजे ऑगस्टपासून चालू." तिचा श्वास सुटला. "मग याच्या डोक्यात असतील. 'अलायस' एवढंच लिहा आणि एंटर मारा."

केकेंनी लिहिलं. काळ्या पडद्यावरून त्रेचाळीस ओळी सरसर खाली आल्या. सगळ्या यार्डातून पुसली गेलेली तिची नावं नेमकी त्यांच्याच मशीनमध्ये, रोज त्यांच्याच बोटांखाली, एकदाही हाक न मारता शिल्लक राहिली होती.

आणि आता त्यांनी ती पहिल्यांदा वाचली. डावीकडे तिने ठेवलेलं नाव. उजवीकडे, त्या नावाने ज्याला हाक जाते तो प्रोग्राम. 'शोध', उजवीकडे त्यांचा. 'सोड', त्यांचा. 'मोज', त्यांचा, सत्त्याण्णव सालचा, पावसाळ्यात लिहिलेला. चाळीस ओळी खाली गेले तरी उजवीकडे सगळी आपलीच प्रजा.

"हे सगळं माझंच आहे," ते पुटपुटले.

"मग कुणाचं असणार?" मनस्वी चिडून म्हणाली. "मी फक्त नावं ठेवली. आता हेच पुन्हा लिहा, पुढे दोन बाण, मग फाइलीचं नाव. दोन बाण हं दादा. एकच दिलात तर फाइलीत उरलंसुरलं तेही जाईल."

"ते मला माहीत हाय गं!"

"तुमच्या हातावर आज माझा भरवसा नाही."

केकेंनी एक बाण लिहिला. थांबले. दुसरा लिहिला. एंटर मारलं. ज्या हाताने उडवल्या त्याच हाताने ओळी फाइलीत जाऊन बसल्या. मनस्वीने ओरडून सांगितलं, सगळ्यांनी सर्व्हरमधून बाहेर पडा आणि परत आत या. मिनिटभराने गेटवरून कल्पेशची आरोळी आली, "शोध चालू! मॅडम, जिंदाबाद!"

अठ्ठावीस.

गर्दी गेटकडे पळाली. तिच्या जागी अवधूत साहेब आले, हातात खोबऱ्याचा तुकडा. "काय झालं होतं नक्की?"

मनस्वीने केकेंकडे बघितलं नाही, पदराला लागलेलं कुंकू झटकत बसली.

"फाइलीतल्या ओळी उडाल्या होत्या," केके म्हणाले. "माझ्याकडून."

"चुकून?"

किती सोपं होतं. साहेबांनी दार उघडून धरलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं. केकेंनी पडद्यावरच्या त्रेचाळीस ओळींकडे बघितलं.

"नाय. बघून उडवल्या. न वाचता, पण बघून."

साहेबांनी खोबरं चावलं. बराच वेळ चावलं. "सर्व्हरचा पासवर्ड आजपासून मनस्वीकडे," ते म्हणाले. "ठपक्याचं लेखी पत्र उद्या देतो. सण आहे म्हणून आज नाही. आणि पुढच्या वर्षी पहिली कमांड तुम्हीही मारायची नाही आणि तिनेही नाही. कल्पेश मारेल. त्याला निदान हेवेदावे नाहीत." ते दोन पावलं गेले आणि वळले. "आणि त्या बॅकअपमध्ये ती फाइल घ्या. आजच."

केके खुर्चीत बसून राहिले. पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. मनस्वी स्टुलावरून उठली नव्हती.

"माफी मागू?" ते म्हणाले.

"मागा."

"मागितली."

"मला राग आलाय, दादा. जाणार नाही एवढ्यात. पण सकाळी जास्त आला होता, तो वेगळ्याच गोष्टीचा."

"कसल्या?"

"तुम्ही ते मारलंत. न बघता. माझा घाम निघालेला, सगळे हसतायत, आणि तुम्ही त्या माणसाच्या तोंडाकडे बघत अख्खी ओळ मारलीत. मला नाही येत ते. घरी प्रयत्न केलाय, खोटं कशाला सांगू, महिनाभर केलाय. दर वेळी चौथ्या रेघेला अडकते. म्हणून तर टोपणनावं काढली. आज असं वाटलं, तुमच्या हातातून कीबोर्ड ओढून घ्यावा आणि आपटावा."

केके सावरून बसले. "चौथ्या रेघेला?"

"चौथ्या."

"तिथेच अडकतात," केके म्हणाले. "इंजिनियरपन अडकायचा."

"बरं, ठीक आहे."

"महिनाभर म्हणालीस?"

"एकदा सांगितलं ना," म्हणत मनस्वी उठली आणि नवा पासवर्ड लावायला निघून गेली.

संध्याकाळी केके आपट्याची पानं घेऊन घरी आले. चंद्रावतीने ओवाळलं, पान घेतलं, तोंडाकडे बघितलं. बारा वर्षांत ते दसऱ्याहून इतके तरतरीत परत आल्याचं तिला आठवत नव्हतं.

"काय झाला? कमांड तुमीच मारली वाटतं?"

"मारली. मंग सगला उघडा पडला. पासवर्ड काढून घेतला. उद्या पत्र देनार हाय."

"अग बाई! आनि हसताव काय?"

केके पाटावर बसले, शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"ती माज्यावर जलते, चंद्रा," ते म्हणाले. "महिनाभर घरी बसून जलली. एमसीए झालेली पोरगी हाय ती!"